तोटा कोणाच्या अंगावर? कापूस एकाधिकार, साखर सहकार आणि 'खुला' बाजार

पैनगंगाकाठी (रवि, सकाळी ९:१०)

भाची अकरावीला आहे. परवा वही घेऊन समोर बसली. "मामा, अर्थव्यवस्थेचे प्रकार म्हणते, चुकलं तर सांग." मग भांडवलशाही, समाजवादी, मिश्र, सगळं एका दमात. प्रत्येकीचे गुणदोष पाढ्यासारखे पाठ. 'मिश्र म्हणजे दोन्हींतलं चांगलं तेवढं घेतलेली' हे ऐकून मला हसू फुटलं आणि ती रुसली. तिला जे सांगायचं होतं ते तेव्हा जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या एका घरात हे सगळे प्रकार नांदून गेलेत. आजोबांनी जवळपास तीस वर्षं कापूस फक्त सरकारला घातला, कारण दुसऱ्या कोणाला विकला तर गुन्हा होता. सासरे नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद. आणि धाकटा भाऊ आजोबांच्याच वावरातला कापूस आज मोबाइलवर भाव बघून व्यापाऱ्याला देतो.

एकाधिकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. दिवाळीला शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो हे व्यापाऱ्याला ठाऊक असतं. तो पाडून घेतो आणि उन्हाळ्यात चढ्या भावानं विकतो. मग मधला माणूसच काढून टाकू, असा विचार. राज्यातला सगळा कापूस पणन महासंघ घेणार, आधी हमीभाव देणार, गाठी विकून जास्त आले तर 'अंतिम भाव' काढून फरक वाटणार. चांगल्या वर्षी थोडं बाजूला टाकायचं, वाईट वर्षी ते काढायचं. यात मला आजही खोट सापडत नाही. कागदावर.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांबरोबर बंडीवर (बैलगाडीवर) बसून संकलन केंद्रावर गेलो होतो. जिनिंगच्या फाटकापासून थेट नाल्यापर्यंत बंड्यांची रांग. तीन रात्री आम्ही बंडीखाली झोपलो. डिसेंबरची थंडी, बैलांसाठी घरून आणलेला कडबा दुसऱ्याच दिवशी संपलेला. चौथ्या दिवशी ग्रेडर आला. कोपरापर्यंत हात कापसात घातला, मूठभर बाहेर काढून बोटांनी फाकला, "कवडी आहे" (म्हणजे खराब कापूस) म्हणाला आणि पुढच्या बंडीकडे गेला. तेवढ्यात आमच्या अख्ख्या वर्षाचा भाव ठरला. आजोबा काही बोलले नाहीत. दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, बोलणार कोणाशी? मिळणाऱ्या पैशाला 'चुकारा' म्हणायचे आणि तो हप्त्याहप्त्यानं यायचा. "चुकारा आला का?" हे आमच्या गावात राम रामच्या जागी चालायचं.

आता खरी गंमत. नदीपलीकडे आदिलाबाद, आणि तिथे एकाधिकार नव्हता. आंध्रात भाव चढला की रात्री उथळ पाण्यातून बंड्या पलीकडे. भाव पडला की पलीकडचा कापूस अलीकडे, कोणाच्या तरी सातबाऱ्यावर. म्हणजे तेजीत महासंघाला कापूस मिळायचा नाही आणि मंदीत साऱ्या जगाचा यायचा. अशानं बाजूला टाकायला पैसा उरणार कुठून? तोटा साचत गेला, तो सरकारनं भरला, म्हणजे ज्यांनी कपाशीचं झाड कधी पाहिलं नाही त्यांनीही भरला. २००२ मध्ये खासगी खरेदीला दार उघडलं आणि मक्तेदारी संपली.

तर माझा प्रश्न वहीतला नाही. भाव कोण ठरवतो, आणि तो चुकला तर तोटा कोणाच्या अंगावर पडतो? तुम्ही पाहिलेल्या व्यवस्था या दोन प्रश्नांवर घासून बघा आणि सांगा. कुठल्या वादाचा जयजयकार नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

चहाटळ (रवि, ९:३२)

पहिला! मिश्र अर्थव्यवस्था म्हणजे आमच्या मेसची मिक्स व्हेज. आठवडाभर जे खपलं नाही ते सगळं शनिवारी एका पातेल्यात. बाकी लेख आवडला. वाचतोय.

उतारा_साडेबारा (रवि, ११:०५)

सासरे नगरचे म्हणजे तुम्ही सहकाराच्या माहेरातच गेलात. प्रवरेचा कारखाना १९४८ ला नोंदला, १९५०-५१ ला पहिलं गाळप. विठ्ठलराव विखे पाटील शेअर गोळा करत गावोगाव फिरले, आणि पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, म्हणजे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ. त्याआधी त्या टापूत खासगी साखर कारखाने होतेच, शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन स्वतःच ऊस पिकवणारे. उसाचा मालक तोच कारखान्याचा मालक, ही कल्पना त्या पार्श्वभूमीवर आलेली.

मी चौदा वर्षं एका सहकारी कारखान्यात केन यार्डात काढली (नाव विचारू नका, पेन्शन तिकडूनच येते). तेव्हा मालक म्हणजे काय ते सांगतो. मालकाला दिवाळीला सवलतीची साखर, पाच वर्षांनी मत आणि सर्वसाधारण सभेत चहा. उसाची नोंद केली की तोड क्रमपाळीनं येते असं पत्रकात लिहिलेलं असतं. पण चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) कुणाच्या भावकीतला आहे त्यावर क्रमपाळीला पाय फुटतात. निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलमागं फिरलेल्याचा ऊस मार्चपर्यंत उभा राहिलेला मी पाहिलाय. तोवर तुरे आलेले, वजन घटलेलं. दंडाची पावती कुणी फाडत नाही, पण दंड टनात बसतो. शेवटी बिचारा स्वतःच टोळीला खुशाली देऊन तोडून घेतो. स्वतःच्या मालकीच्या कारखान्याला स्वतःचा ऊस घालण्यासाठी लाच देणारा मालक जगात दुसरीकडं सापडायचा नाही.

तरीही मी सहकाराच्याच बाजूचा. आमच्या खोऱ्यात उपसा सिंचन आलं ते कारखान्याच्या मागं, दूध संघ त्याच्या मागं, हायस्कूल त्याच्या मागं. खासगी मालक असता तर नफा मुंबईला गेला असता. इथं निदान त्यातला काही भाग वाटेत सांडला.

आता तुमचे दोन प्रश्न. भाव कोण ठरवतो? उसाचा किमान भाव केंद्र ठरवतं, पूर्वी एसएमपी (वैधानिक किमान भाव), २००९ पासून एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर). साखरेचा किमान विक्रीदर केंद्र ठरवतं, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये किलो केला. त्यानंतर एफआरपी पाच वेळा वाढली, क्विंटलला २७५ वरून २०२४-२५ च्या हंगामात ३४० वर गेली (उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा, पाया १० चा १०.२५ टक्के झाला ते वेगळं), आणि साखर होती तिथंच. महिन्याला किती साखर विकायची, बाहेर किती पाठवायची, इथेनॉल कोणत्या भावानं द्यायचं, सगळं दिल्लीतून. पूर्वी तर ठराविक साखर लेव्ही म्हणून रेशनला द्यावी लागायची, ते २०१३ ला बंद झालं. मग फाटकावर 'सहकारी' लिहा नाहीतर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहा, आतला हिशोब सारखाच बसतो.

आणि तोटा? त्यासाठी राज्य सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार फेडणार.

अर्धवट_अर्थतज्ज्ञ (रवि, ११:४८)

थकहमी या एका शब्दावर यानोश कोर्नाई नावाच्या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञानं आयुष्य घालवलं. तो कम्युनिस्ट हंगेरीतले सरकारी कारखाने बघत होता. त्याला दिसलं की तिथला व्यवस्थापक तोट्याला भीतच नाही, कारण वर्षअखेरीस कुठून तरी पैसा येणारच. याला त्यानं मऊ अंदाजपत्रक म्हटलं. मालकी कोणाची याच्या इतकंच, किंबहुना जास्त महत्त्व बुडण्याची भीती खरी आहे का याला आहे, असा त्याचा सूर. ज्याला भीती नाही तो भरमसाट कच्चा माल मागतो, गरजेपेक्षा माणसं भरतो, यंत्रं मागवून ठेवतो. सगळेच मागतात, म्हणून सगळ्याचीच टंचाई.

चहाटळ (रवि, ११:५५)

मराठीत सांगा हो.

अर्धवट_अर्थतज्ज्ञ (रवि, १२:१०)

बाप उधारी फेडेल हे माहीत असलेला मुलगा हॉटेलात मेन्यूकार्डची उजवी बाजू वाचत नाही.

आणि याची उलटी बाजू चीनमध्ये दिसते. १९७८ च्या अखेरीस आन्ह्वेई प्रांतातल्या श्याओगांग गावात १८ घरांनी चोरून एक कागद केला, अंगठे उठवले. जमीन सामुदायिकच राहील, पण ती घरटी वाटून घ्यायची. सरकारचा वाटा आधी घालायचा, उरेल ते ज्याचं त्याचं. पकडले गेलो तर एकमेकांची मुलं सांभाळायची हेही त्यात होतं. पुढे हीच पद्धत देशभर नेली. धान्य १९७८ ला साधारण ३० कोटी टन होतं, १९८४ ला ४० कोटींच्या पुढे गेलं. आता बघा, जमिनीची मालकी बदललीच नाही, ती आजही सामुदायिक आहे. वहीतल्या व्याख्येनं ती समाजवादीच. बदललं ते एवढंच की जास्तीचं पोतं कोणाच्या घरात जाणार. (सरकारनं खरेदीचे भावही वाढवले होते, त्याचं श्रेय विसरू नये.)

पैनगंगाकाठी (रवि, १२:४०)

उतारा, खुशालीचं वाचून सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "त्यात काय नवल, मी यंदाही दिली." आणि कारखान्याची बाजू घेत अर्धा तास बोलले.

अर्धवट, तुमच्या 'जास्तीच्या पोत्या'वरून आठवलं. एकाधिकारात जास्तीचं पोतं होतं, पण ते यायला इतका उशीर व्हायचा की जूनमध्ये पेरताना मागच्या हंगामाचा अंतिम भाव किती हेच माहीत नसायचं. भाव ही शेतकऱ्याला मिळणारी बातमी असते. आम्हाला ती शिळी होऊन मिळायची.

कोयता_दीड (रवि, दुपारी ३:२०)

बराच वेळ वाचतेय. मालक कोण, भाव कोणाचा, तोटा कोणाचा, सगळं झालं. ऊस तोडतं कोण?

माझे आईवडील बीड जिल्ह्यातून सोळा हंगाम गेले. 'कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक. हिशोबात दोन माणसं म्हणजे एक कोयता, एकट्या माणसाला अर्धा कोयता. मुकादम दसऱ्याआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो, ती अंगावर घेऊन निघायचं. टनाचा दर ठरलेला, पण पाऊस लागला, कारखान्याचं मशीन बंद पडलं, ट्रॅक्टर आला नाही, तर त्या दिवशी टन नाहीत, आणि टन नाहीत म्हणजे उचल फिटत नाही. फिटली नाही की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, आम्ही यांना ओळखत नाही. सहकारी कारखान्यावर गेलो तेव्हा हेच, खासगीवर गेलो तेव्हा हेच, कर्नाटकात गेलो तेव्हाही हेच. फक्त पालं वेगळ्या माळावर.

मऊ अंदाजपत्रक कोणाचं आणि कडक कोणाचं ते बघा. मशीन बंद पडल्याचा तोटा आमच्या आईच्या अंगावर पडलेला मी पाहिलाय.

(दीड का? मी दहा वर्षांची झाल्यावर बांड्या गोळा करायला लागले. ते कोणी हिशोबात धरलं नाही, मी धरते.)

उतारा_साडेबारा (रवि, ३:४१)

ताई, यार्डात चौदा वर्षं बसून मी गाड्यांचे नंबर लिहिले. गाडीवर कोण बसलंय ते कधी लिहायला लागलं नाही. तुमचं बरोबर आहे.

जुनंतेसोनं (रवि, संध्याकाळी ६:०५)

म्हणूनच म्हणतो, हे सगळे वाद पाश्चात्त्य. आपली बलुतेदारी बघा. सुतारानं नांगर करायचा, लोहारानं फाळ, चांभारानं मोट, आणि खळ्यावर प्रत्येकाला आपापल्या वाट्याची पेंढी. पैसा नाही, बाजार नाही, बेकारी नाही. पीक बुडालं तर सगळ्यांचंच बुडालं, तोटा वाटून घेतला. धागाकर्त्याच्या कसोटीवर शंभर टक्के मार्क.

वेशीबाहेरून (रवि, ६:३०)

खळ्यावर वाटणी होताना रांगेत शेवटी कोण उभं असायचं, तेही लिहा की.

माझे पणजोबा महारकी वतनातले. कामाची यादी नव्हती, कारण काम म्हणजे बोलावतील ते. निरोप घेऊन तालुक्याला जा, सरकारी माणसापुढे पळा, मेलेलं ढोर ओढा, वेशीवर रात्र काढा. भाकरी घरोघर फिरून मागायची, आणि तिला हक्क म्हणायचं. इनामाचा तुकडा होता, पण तो इतक्या घरांत वाटलेला की कोणाच्याच पोटाला पुरत नव्हता. तोटा वाटून घेतला म्हणता? वाईट वर्षी कुणब्याच्या घरात कणगीच्या तळाशी काहीतरी असायचं. आमच्याकडे कणगीच नव्हती.

आणि भाव कोण ठरवायचं हा प्रश्न तिथे विचारताही येत नव्हता. सुताराला वाटलं, दर पटत नाही, लोहारकी करतो, तर चालेल? ज्या व्यवस्थेत धंदा जन्मावर ठरतो तिथे बेकारी नसते हे खरंच आहे. तुरुंगातही नसते.

बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली. या गावकामगार वतनांच्या उच्चाटनाचा कायदा यायला १९५८ उजाडलं. आणखी एक, बाबासाहेबांना नुसतं घटनेपुरतं आठवणाऱ्यांसाठी: १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केलं त्यात मूलभूत उद्योग सरकारी, विमा सरकारी, आणि शेतजमीन सरकारच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना जात-धर्म न बघता सामुदायिक कसायला द्यावी असं सुचवलं होतं. आणि हे सगळं घटनेतच लिहावं, म्हणजे निवडणुकीगणिक बदलणार नाही. ते मान्य झालं नाही. मला स्वतःला सरकारी शेतीबद्दल शंका आहेत, वर कापसाचं वाचून त्या वाढल्याच. पण त्यांना बाजारातही गावातही भरवसा का वाटत नव्हता, हे समजून घ्यायला आमच्या आळीत एक दिवस पुरला असता.

जुनंतेसोनं (रवि, ६:५२)

मी जातीचं समर्थन केलं नव्हतं. देवाणघेवाणीबद्दल बोलत होतो.

वेशीबाहेरून (रवि, ६:५८)

ती वेगळी करून दाखवा, मी वाचतो.

लाइपझिगकर (सोम, पहाटे १:१५)

इकडे रात्र सुरू व्हायची आहे, म्हणून सावकाश लिहितो. पूर्व जर्मनीतल्या गावात नऊ वर्षं राहतोय. एकच भाषा, एकच लोक, मध्ये रेघ मारून चाळीस वर्षं दोन व्यवस्था, असा प्रयोग जगात क्वचित झाला असेल.

घरमालकीणबाई ७८ वर्षांच्या. तरुणपणी एका सूतगिरणीत होत्या. त्यांच्याकडून ऐकलेलं: भाडं नाममात्र, पाळणाघर जवळजवळ फुकट, आणि पाव इतका स्वस्त की लोक सशांना आणि डुकरांना घालायचे, कारण पशुखाद्य महाग पडायचं. ट्राबांट गाडीला नंबर लावला की दहा-बारा वर्षं वाट. मुलगा जन्मला की नंबर लावून ठेवायचा. त्यामुळे वापरलेली ट्राबांट नव्यापेक्षा महाग. हे ऐकून मी त्यांना चेतक स्कूटरची गोष्ट सांगितली, की आमच्याकडेही बुकिंगची चिठ्ठी हाच दागिना होता, लग्नात विचारायचे. त्या म्हणाल्या, "पण तुमच्याकडे तर भांडवलशाही होती ना?" काय उत्तर देणार. खासगी कारखाना, पण किती स्कूटर काढायच्या ते सरकारचं लायसन्स सांगणार.

पण पुढचं ऐका. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचं मार्क चलन आलं, पगार एकास एक. लोकांनी फटाके उडवले. आणि इथल्या कारखान्यांचा खर्च एका रात्रीत पश्चिमेच्या नाण्यात मोजायला लागला, गिऱ्हाईक मात्र पूर्वेचं, तेही आता पश्चिमेचा माल मागणारं. सरकारी कारखाने विकायला एक न्यास नेमला होता, त्यानं काही विकले, बरेच बंद केले. बाई ४५ च्या आत घरी बसल्या. त्या म्हणतात, "आधी दुकानात माल नव्हता, खिशात पैसे होते. मग माल आला, पैसे गेले." ही काही जुन्या राजवटीची आठवण काढणारी बाई नाही. भिंतीच्या त्या बाजूला सख्खी बहीण होती, १९६१ ते १९८९ मध्ये मोजून चार वेळा भेटल्या.

पश्चिमेतही नुसता बाजार नव्हता हे इकडे आल्यावर कळलं. १९७६ च्या कायद्यानं दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. आपल्याकडे खासगी म्हणजे मालक बोले तसं, ही समजूत मी घेऊन आलो होतो.

चहाटळ (सोम, ८:०२)

बुकिंगच्या चिठ्ठीवरून: आमच्या काकांनी स्कूटरचा नंबर विकून पंखा आणि कपाट घेतलं होतं. स्कूटर कधीच चालवली नाही.

माडाखालून (सोम, ९:४५)

गोव्याची एक जोडतो. आमच्याकडे 'गावकार' म्हणजे गावात राहणारा कोणीही नव्हे. ज्या मूळ घराण्यांनी गाव वसवला त्यांचे वंशज. जमीन त्या सगळ्यांची मिळून, कोणा एकाची नाही. तिला गावकारी म्हणत, पोर्तुगिजांनी नाव दिलं कोमुनिदाद आणि तिची संहिताच लिहून ठेवली. शेतं ठराविक मुदतीनं लिलावात कसायला द्यायची. आलेल्या पैशातून आधी सामायिक खर्च, आणि उरलेलं गावकारांना वाटायचं. त्या वाट्याला झोण म्हणतात.

यातली हुशारी खाजन शेतीत दिसते. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला मातीचे बांध आणि भरती-ओहोटीला उघड-बंद होणारी मानस, म्हणजे पाण्याची झडप. बांध फुटला की खारं पाणी आत, आणि माती पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जातात. पण बांधाची डागडुजी झोण वाटण्याच्या आधी वजा व्हायची. म्हणजे बांध नीट ठेवण्यात सगळ्यांचा स्वार्थ. मुक्तीनंतर १९६४ ला कूळ कायदा आला, पुढच्या दुरुस्तीनं कुळं मालक झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली ते योग्यच. पण बांधाचं काय, याचं उत्तर ढिलं राहिलं. आमच्या वाड्याखालच्या खाजनात आता खारफुटी आहे, बगळे छान दिसतात.

आणि हो, कोयता_दीड यांच्यासाठी: झोण पुरुषांना. आजीच्या नावानं कधी काही आलं नाही.

बाजारपेठी (सोम, ११:३०)

सगळ्यांच्या कहाण्या वाचल्या. प्रत्येकीत सरकार किंवा गाव किंवा संचालक भाव ठरवतोय, आणि शेवटी दोष बाजाराला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर ओरडून सांगत होते की शेतकऱ्याला सबसिडी नाही, उणे सबसिडी मिळते, म्हणजे सरकारी धोरणानं त्याचा भाव उलट पाडला जातो. खुला बाजार वाईट म्हणणाऱ्यांनी तो आधी एकदा करून तरी बघायचा.

पैनगंगाकाठी (सोम, १२:२०)

शरद जोशींच्या सभेला आजोबा मला खांद्यावर घेऊन गेलेत, तेव्हा मला तुमचा विरोधक समजू नका. पण भावाची गोष्ट ऐका.

२०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. भावानं ट्रॅक्टरचे हप्ते फेडले, घराला रंग दिला. पुढच्या वर्षी आठ हजारानं मागत होते, गावात कोणी विकेना. सगळ्यांच्या घरात कापूस. पुढच्या खोलीत छताला लागलेला ढीग, पोरांच्या अंगाला खाज सुटून फोड आलेले, सगळं घर उन्हाळा येईपर्यंत खाजवतंय. शेवटी आधी नाकारलेल्या भावाच्याही खाली दिला. हा तोटा पूर्णपणे त्याचा, कोणावर ढकलला नाही. इथपर्यंत तुमचं मान्य.

पण ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. भाव चढला की दार उघडायचं, पडला की बाजार खुला आहे म्हणायचं. सरकारी केंद्रावर हमीभावानं घालायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ग्रेडरच्या हाताऐवजी आता यंत्राचा काटा आहे, एवढाच फरक. तो खोटं बोलत नाही हे कबूल, पण ऑक्टोबरातल्या पावसाला तो तरी काय करणार.

बाजारपेठी (सोम, १२:४५)

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. हा खुला बाजार नाही.

पैनगंगाकाठी (सोम, १२:५०)

मग तो कुठे आहे?

पट्टी_उलटी (सोम, दुपारी २:००)

कांद्यात आहे. या, दाखवतो. चुलत्यांनी पंधरा गोण्या पाठवल्या. पट्टी (आडत्याचा विक्रीचा हिशोब) आली: मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाता येणे नाही, देणे निघालं. आडत्यानं ते देणं सोडून दिलं, वर चहा पाजला. चुलते अजून त्याच्या चहाचं कौतुक करतात.

अनु_द (सोम, ४:१०)

सगळ्यांनी तोटा कोणावर पडतो ते सांगितलं, तो मुद्दाम वाटून घेतल्याचं एक उदाहरण राहिलं. १९७२ चा दुष्काळ, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम हा हक्क, आणि पैसा कुठून? त्यातला मोठा भाग शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. तुमच्या पगाराच्या पावतीवर दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, तेच. पाऊस माणदेशात पडला नाही आणि त्याची झळ थोडीशी नरिमन पॉइंटला बसली. ही व्यवस्था वहीतल्या कुठल्या रकान्यात बसते मला ठाऊक नाही. खडी फोडण्याचं काम होतं, मस्टरवर खोटी नावं होती, सगळं होतं. पण माझी आई त्या खडीवर जगली.

अर्धवट_अर्थतज्ज्ञ (सोम, ५:०५)

याच धर्तीवर: स्पेनच्या बास्क प्रांतात माँद्रागोन म्हणून कामगारांच्या सहकारी संस्थांचा समूह आहे, १९५६ पासून. त्यांची घरगुती उपकरणं करणारी फागोर ही कंपनी २०१३ मध्ये बुडाली. समूहातल्या बाकी संस्थांनी बराच काळ पैसा घातला, मग मतानं ठरवून थांबवलं. कारखाना गेला, कामगारांचं त्यात अडकलेलं भांडवल गेलं, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी कामावर घेतलं. उतारा, आपल्याकडे उलटं होतं, नाही का? संस्था थकहमीवर जिवंत ठेवायची आणि कामगारांचे पगार थकवायचे.

उतारा_साडेबारा (सोम, ७:१५)

अगदी. आमच्या शेजारचा कारखाना आधी आजारी, मग बंद, मग सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण विकू देणारा) लिलावात निघाला. आता तो खासगी आहे आणि उसाचं बिल वेळेत देतो, हे खोटं कशाला बोलू. १४ दिवसांत बिल द्यायचं, नाहीतर १५ टक्के व्याज, असा नियम १९६६ च्या आदेशात आहे. सहकारीत असताना व्याज मागणाऱ्याला 'संस्थेच्या मुळावर उठला' म्हणायचे. खासगीकडं निदान तो शब्द ऐकावा लागत नाही. जुन्या कामगारांची देणी मात्र कुणीच दिली नाहीत. नवा म्हणतो जुन्याकडं मागा, जुना उरलेलाच नाही. त्यातले दोघे आमच्या गल्लीत वॉचमन आहेत.

पैनगंगाकाठी (मंगळ, सकाळी ८:२०)

भाचीनं धागा वाचला. तिचा पहिला प्रश्न: कोयता_दीडताईंचं नाव हिशोबात धरलं असतं तर टनाचा दर वाढला असता की मुकादमानं उचल कमी केली असती? मला उत्तर आलं नाही.

जाता जाता घरचंच एक काम. सासऱ्यांनी कारखान्याचा शेअर माझ्या बायकोच्या नावावर करायचं ठरवलंय. मेहुणा मुंबईला, त्याला रस नाही. कारखान्यात गेलो तर क्लार्क म्हणाला, ताईंच्या नावावर ऊस कुठाय? उतारा, काय करावं?

उतारा_साडेबारा (मंगळ, ८:४४)

आधी सातबारा. थोडं का होईना क्षेत्र बक्षीसपत्रानं वहिनींच्या नावावर करा, फेरफार मंजूर करून घ्या, आणि यंदाची ऊस नोंद त्यांच्याच नावानं द्या. नोंदीची पोच मागा, तोंडी ऐकू नका. मग शेअर हस्तांतराचा अर्ज. निवडणुकीच्या तोंडावर जाऊ नका, यादी गोठलेली असते. आणि चिटबॉय कोण आहे ते सासऱ्यांना विचारून ठेवा.